तसंही चालतं

आमच्या घरात दुसऱ्याच्या चुका काढण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. नांदगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी उभी नोकरी मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको नाशिक रोडला मुलाकडे राहायला आलो. शाळा सुटली, पण सवय सुटली नाही. लग्नपत्रिका हातात आली की लोक मुहूर्त बघतात, मी ऱ्हस्व-दीर्घ बघतो. एकदा व्याह्यांनी पाठवलेल्या पत्रिकेवर मी बसल्या बसल्या लाल पेनाने खुणा केल्या आणि ती टीपॉयवरच राहिली. पुढे व्याही घरी आले, चहा पिता पिता त्यांनी ती उचलली, बघितली आणि गुपचूप पालथी घालून ठेवली. ते गेल्यावर बायको म्हणाली, "मास्तर, सोयऱ्यांना तरी काठावर पास करत जा." मी हसलो. मला ते कौतुकच वाटलं होतं.

माझी चूक कोणी काढलेली मला खपत नाही, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार कसं? कोणी काढतच नव्हतं. मी समजत होतो की आपल्याकडून चुका होतच नाहीत.

अपवाद एकच, माझी नात. ती दुसरीत आहे, जवळच्याच एका इंग्रजी शाळेत जाते. तिला माझी काडीची भीती नव्हती. बोट वर करून, डोळे मोठे करून ती ओरडायची, "आजोबा, चूक!" मोबाइलवर फोटो भलत्यालाच पाठवला, चूक. तिच्या एका मैत्रिणीचं नाव दुसरीला लावलं, चूक. बुद्धिबळातला उंट सरळ नेला, चूक. ती ओरडली की आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबायचा. मी "बरं बाई, चुकलं माझं" म्हणून हसलो की भांडी पुन्हा वाजायला लागायची. त्या थांबण्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही. नातीच्या तोंडून 'चूक' ऐकायला मला गोड वाटायचं, एवढंच मला माहीत होतं. कधी कधी तर ते ऐकायला मिळावं म्हणून मी उंट मुद्दाम सरळ न्यायचो.

गेल्या थंडीत तिच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस ठरला. वर्गात येऊन प्रत्येकाने काहीतरी करून दाखवायचं, गाणं, गोष्ट, काहीही. नातीने कोणाला न विचारता माझं नाव देऊन टाकलं होतं. "मी टीचरला सांगितलं, माझे आजोबा सर आहेत. मोठ्या मुलांचे सर. ते इंग्लिशमध्ये गोष्ट सांगणार." हे सांगताना ती पायाच्या बोटांवर उभी होती. आता एवढ्या अभिमानाने कोणी आपलं नाव दिल्यावर नाही कसं म्हणणार? मी म्हटलं, सांगतो. वर असंही म्हटलं, "पण कोणती गोष्ट ते आधी सांगणार नाही. सरप्राइज."

माझ्या इंग्रजीची कथा अशी, की वाचलेलं कळतं, बोलायची वेळ आली की पाण्याचा तांब्या जवळ ओढावा लागतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि ते शिकवणारे गुरुजी स्वतःच त्याला बिचकून असायचे. शब्द माझ्याकडे पुष्कळ आहेत. अडतं ते 'अ' आणि 'द' या दोन चिटुकल्यांपाशी. कुठे 'अ' लावायचा, कुठे 'द' आणि कुठे काहीच नाही, हे मला कधी उमगलं नाही. आपल्याकडे माकड म्हणजे माकड. त्याच्या पुढे पाटी लावावी लागत नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की 'अ' दिसायला किरकोळ आहे, 'द' ला वजन आहे. नावाआधी 'श्री' लावावं तसा मी सगळ्याआधी 'द' लावायचो. अगदीच एकसुरी वाटलं तर मध्येच एखादा 'अ' भुरभुरायचा, पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसा.

खरं तर मला शिकवायला घरातच माणूस होतं. माझी सून इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. तिचं माहेर पंचवटीतलं, वडील तिथे फुलांचे हार विकतात. दुपारी आमच्या हॉलमध्ये कॉलनीतली मुलं तिच्याकडे ट्यूशनला येतात. मी तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत पडलेला असतो. ती आवाज चढवत नाही, पण सोडतही नाही. "चूक. पुन्हा म्हण." परत चुकलं की परत, "चूक. पुन्हा." एक शिक्षक म्हणून मला तिचं फार कौतुक वाटायचं. ते मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

मी तिला म्हणालो, "संध्याकाळी जरा माझी गोष्ट ऐकत जा." नात त्या वेळी कॉलनीतच डान्सच्या क्लासला जायची, म्हणून मी, बायको आणि सून लवकर जेवायला बसायचो तेव्हाच तालीम करायची असं ठरलं. गोष्ट माझ्या लहानपणची, खरी घडलेली. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी बाहेर गेलेले असताना खिडकीतून एक माकड आलं आणि गुरुजींच्या खुर्चीत जाऊन बसलं. समोर टेबलावर छडी. आम्ही पोरं त्या खुर्चीला एवढी घाबरायचो की कोणी हाकललं नाही, कोणी हसलं नाही. सगळे माना खाली घालून पाढे म्हणत राहिलो. माकडाने गुरुजींच्या भाकरीचं फडकं सोडलं, भाकरी खाल्ली आणि आलं तसं निघून गेलं.

पहिल्या संध्याकाळी घास बाजूला ठेवून मी सुरुवात केली. "द मंकी केम इन द स्कूल."

सून हसली. चेष्टेने नाही, मुलांकडे बघून हसते तशी. म्हणाली, "नाना, पहिल्यांदा 'अ मंकी' म्हणायचं. कुठलं माकड ते ऐकणाऱ्याला अजून माहीत नाही ना. एकदा ओळख झाली की मग 'द'. आपण नाही का म्हणत, एक होता राजा, आणि मग, तो राजा?"

एवढंच बोलली ती. किती सोपं करून सांगितलं होतं! आज मी ते वाक्य आठवतो तेव्हा वाटतं, माझ्या वर्गात मी एकदा तरी इतकं नेमकं शिकवलं असेल का. पण तेव्हा माझे कान तापले. मी म्हणालो, "आयुष्य गेलं माझं शिकवण्यात. राजा कसा सांगायचा ते तू मला सांगू नकोस." आणि ताटावरून उठलो. अर्धी पोळी तशीच राहिली. बायको "अहो, भात तरी" म्हणाली, पण मी हात धुतले होते.

दुसऱ्या दिवशी मी काहीच घडलं नाही अशा थाटात पुन्हा गोष्ट सुरू केली. "द मंकी केम इन द स्कूल." आणि थांबून तिच्याकडे बघितलं.

ती वाटीत आमटी वाढत होती. वर न बघता म्हणाली, "हो नाना. तसंही चालतं."

मी जिंकलो होतो. मला खरोखर तसं वाटलं. रात्रीत तिने पुस्तकात बघितलं असेल, आणि नानांचं बरोबर निघालं असेल. त्यानंतर रोज तालीम व्हायची. मी सगळीकडे 'द' ठोकत जायचो, ती मान हलवायची, आणि मी मुद्दाम विचारलंच तर म्हणायची, "चालतं नाना. तसंही चालतं." दुपारी तीच सून मुलांना एका 'अ'साठी पाच-पाच वेळा वाक्य म्हणायला लावायची. यावरून मी काय निष्कर्ष काढावा? की मुलांचं चुकतंय आणि माझं बरोबर आहे. एवढी कडक बाई, चुकलं असतं तर सोडलं असतं का तिने? हातच्या कांकणाला आरसा कशाला!

एक गोष्ट मात्र मला खटकायची. त्या दिवसांत ती मुलांना रोज तेच तेच शिकवत होती. एक आणि तो, 'अ' आणि 'द'. तेही माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहून, जरा मोठ्याने. मी मनात म्हणायचो, काय मठ्ठ पोरं आहेत आजकालची. आणि दार लोटून घ्यायचो.

शाळेतल्या कार्यक्रमाच्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. बायकोने हातावर दही ठेवलं. तिचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरीच राहिली. "आन् मला कुठं कळतंय इंग्लिश," म्हणाली. सून दारापर्यंत आली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण ती एवढंच म्हणाली, "नाना, मराठीत सांगितली तरी चालेल. टीचर तसं म्हणाल्यात." मी म्हटलं, "आता? एवढी तयारी केल्यावर?" आणि रिक्षात बसलो.

वर्गात आम्हा म्हाताऱ्यांसाठी मागे खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या आधी एका आजीबाईंनी जात्यावरची ओवी म्हटली, चक्क मराठीत, आणि मुलांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी रुमालाचा उंदीर करून उडवला. मग वर्गाच्या बाईंनी माझं नाव पुकारलं, आणि नात बाकावरच उडी मारून उभी राहिली. सगळ्या वर्गाला तिने हाताने दाखवलं की हे माझे आहेत.

मी फळ्यापाशी उभा राहिलो. किती दिवसांनी पाठीमागे फळा होता! छाती भरून आली, आवाज आपोआप मोठा झाला. "द मंकी केम इन द स्कूल."

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "विच मंकी?"

मी थक्क झालो. पहिल्याच वाक्याला एवढी उत्सुकता! माझ्या वर्गात आयुष्यभरात कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी हात पसरून म्हणालो, "द बिग मंकी!"

"विच बिग मंकी?"

पोरं हसत होती, बाकं वाजवत होती. मला चेव चढला. मी शेपूट करून दाखवलं, खिडकीतून उडी मारल्यासारखं केलं, बाईंच्या खुर्चीत जाऊन बसलो. "द मंकी सॅट ऑन द चेअर ऑफ द टीचर."

"विच टीचर?"

"द माय टीचर!"

यावर असा हशा उठला की मागच्या खुर्च्यांवरचे दोघंतिघंही हसले. मीही हसत होतो. आपली गोष्ट रंगली, या आनंदात मी नातीकडे बघितलं. मला तिचा चेहरा बघायचा होता.

ती तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसली होती. सगळ्या वर्गात ती एकटीच काही विचारत नव्हती. समोर कंपासपेटी धरून तिचं झाकण उघडत होती, मिटत होती. उघडत होती, मिटत होती. तिचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात पुढच्या बाकावरचा, समोरचे दात पडलेला एक मुलगा उभा राहिला. फार शहाणा मुलगा असणार. त्याला माझी कीव आली असावी. तो अगदी हळू, समजावून सांगावं तसं म्हणाला, "सर, यू हॅव टु से अ मंकी. वी डोन्ट नो हिम."

मग मला कळलं. त्यांच्या बाईंची ती शिकवायची रीत होती. ओळख नसलेल्या वस्तूला कोणी 'द' लावला, की अख्ख्या वर्गाने मिळून 'विच' विचारायचं. मुलं माझी गोष्ट ऐकत नव्हती, माझ्या चुका पकडत होती. आणि मी प्रत्येक चुकीला खुशीने उत्तर देत होतो.

बाई पुढे आल्या. मुलांना त्यांनी डोळ्यांनी दटावलं आणि माझ्याकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगा पुढे. तसंही चालतं."

हा सूर माझ्या ओळखीचा होता. अगदी हाच. आमटीच्या वाटीवरून रोज संध्याकाळी येणारा. तालमीतल्या सगळ्या संध्याकाळी एका क्षणात डोळ्यांपुढे आल्या आणि मला त्या खुर्चीत तोंड लपवावंसं वाटलं.

पण तोंड लपवणं मला जमत नाही. मला लाज वाटली की राग येतो. दोन्ही एकाच नळाने येतात, आणि तोटी माझ्या हातात नाही. मी खुर्चीतून उठलो आणि जुन्या, हायस्कूलच्या आवाजात ओरडलो, "गप्प बसा! वडीलधाऱ्या माणसाची टर उडवता? हेच शिकवतात का तुम्हाला इथं?" एवढ्याशा वर्गात तो आवाज फार मोठा झाला. दात पडलेला मुलगा अजून उभाच होता. तो खाली बसला आणि रडायला लागला. माकडाचं पुढे काय झालं, ते त्या मुलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कार्यक्रमानंतर आपापल्या नातवंडांना घेऊन जायचं होतं. नात दप्तर घेऊन मुकाट्याने माझ्या मागून आली. रिक्षात आम्ही दोघं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला का नाही ऐकवली आधी? मी सांगितलं असतं ना, चूक म्हणून."

यावर मी काय बोलायला हवं होतं ते कोणालाही कळेल. माझ्या तोंडून निघालं, "तू मला शिकवू नकोस. गप बस."

तिने माझ्याकडे बघितलं. आजवर मी तिला कधी असं बोललो नव्हतो. मग ती तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसली, घर येईपर्यंत.

घरी सून मेथी निवडत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "तुला कळत होतं ना, माझं चुकतंय ते?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "हो नाना."

"मग रोज चालतं, चालतं काय म्हणत होतीस? सगळ्या शाळेसमोर माझी शोभा झाली! एका शब्दाने सांगितलं असतंस तर?"

 बोलली माझी बायको. पलंगावर गुडघ्याला तेल चोळत बसली होती, तिथूनच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती नांदगावकडचंच बोलते, तिचं ते बोलणं सुधारायचा प्रयत्नही मी करून झालेला आहे.

"तिला काय इचारता? मला इचारा. म्या शिकवलं तिला."

"काय शिकवलंस?"

"हेच. पयल्या दिशी तिनं खरं सांगितलं, तर तुम्ही ताटावरून उठले. तुमच्या मागं तीबी उठली. उपाशी झोपली लेकराची माय, तुम्हाला ठावं तरी हाय का? मंग म्या तिला सांगितलं, बाई, ह्यांना चुकलं म्हणायचं नाय. तसंबी चालतं म्हणायचं. घर शांत राहतं. म्या इतकी वर्षं काय केलं मंग?"

हे ती भांडायच्या आवाजात बोलली नाही. भाजी कशी करायची ते सांगावं तशी बोलली. ते मला जास्त लागलं.

सून हळूच म्हणाली, "नाना, मी रोज दुपारी मुलांना तेच शिकवत होते. तुमच्या दाराशी उभी राहून. आदल्या दिवशी तुमचं जे चुकायचं, ते." तिने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "वाटलं, कानावर पडेल."

लेकी बोले सुने लागे, ही म्हण मी इतक्या वर्गांना समजावून सांगितली. माझ्याच घरात सून लेकरांना बोलत होती, सासऱ्याला लागावं म्हणून, आणि मी दार लोटून घेत होतो. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो. त्या संध्याकाळी मला जेवायला बोलवायला कोणी आलं नाही असं नाही, तिघंही येऊन गेले. मलाच त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बसल्या बसल्या मला आमचं नांदगावचं घर आठवलं. ते बांधताना स्वयंपाकघर पश्चिमेला काढायचं, असा माझा हट्ट होता. बायको एकदाच म्हणाली होती, दुपारचं ऊन येईल. मी काहीतरी तोडून बोललो असणार. मग ती म्हणाली, "चालतंय की." त्या घरात उन्हाळ्यातले सगळे स्वयंपाक तिने डोक्यावर ओला पंचा टाकून केले. मला वाटायचं, तिला तशी सवय आहे. आणखी कुठे कुठे तिने 'चालतंय' म्हटलं असेल ते मी आठवायला लागलो, आणि मग भीती वाटून थांबलो.

त्या रडणाऱ्या मुलाची माफी मागायची म्हणून मी एक दिवस शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. दुसरीची पोरं बाहेर पडली. निम्म्यांचे समोरचे दात पडलेले. मला तो कोणता ते ओळखताच येईना. त्या दिवशी मी त्याच्याकडे धड बघितलंच नव्हतं. एक-दोघं मला बघून एकमेकांच्या कानात कुजबुजले. नात बाहेर आली, माझं बोट धरलं, आणि आम्ही घरी आलो. तिला मी विचारू शकलो असतो की तो मुलगा कोणता. पण विचारलं नाही.

सुनेला मात्र मी सगळ्यांदेखत सांगितलं, "यापुढे माझं चुकलं तर सरळ चुकलं म्हणायचं. मी काही खात नाही कोणाला." मुलगा कंपनीतून नुकताच आला होता, तो बुटाची लेस सोडता सोडता थबकला. सून म्हणाली, "हो नाना." दोन दिवसांनी मी तिला पेपरातली इंग्रजी बातमी मोठ्याने वाचून तिचा अर्थ सांगत होतो. ती म्हणाली, "नाना, इथे अर्थ जरा वेगळा..." मी काही बोललो नाही. खरंच नाही. हसण्याचा प्रयत्नही केला. पण माझ्या जबड्याची शीर ताठ झालेली तिला दिसली असावी. ती म्हणाली, "नाही, पण तसंही होतो अर्थ." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तो पीळ माझ्याखेरीज सगळ्यांना दिसत होता.

सून आणि बायको यांचं मी समजू शकतो. त्यांना मीच तसं घडवलं. माझा जीव अडकला होता नातीत. घरात मला चूक म्हणणारं ते एकच तोंड होतं, आणि ते रिक्षात मी बंद केलं होतं. ती रुसली नव्हती. बोलायची, शेजारी येऊन बसायची, बुद्धिबळ मांडायची. मी उंट सरळ नेला. ती पटाकडे बघत राहिली आणि तिने आपली सोंगटी पुढे केली. मी घोडा तिरका नेला. काही नाही. तिच्या मैत्रिणीला भलत्याच नावाने हाक मारली. काही नाही. आत भांडी एकसारखी वाजत होती, थांबायचं त्यांना कारणच उरलं नव्हतं.

मग मी ठरवलं की ती गोष्ट नीट शिकायची. दुपारी ट्यूशनच्या वेळी मी दार उघडं ठेवायला लागलो. सुनेने ते बघितलं. ती दाराजवळ उभी राहून मुलांना एक आणि तो समजावून सांगायची, आणि मी पेपरामागे ओठ हलवायचो. अ मंकी. द मंकी. अ टीचर. द टीचर. कधी नव्हे तो मी विद्यार्थी झालो होतो आणि मला ते अवघड जात होतं, हेही सांगून टाकतो.

एका संध्याकाळी नात डान्सच्या क्लासहून आली. मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "त्या दिवशी माकडाची गोष्ट अर्धी राहिली. पुरी ऐकतेस?" तिने मान हलवली. मी घसा साफ केला. फळ्यापाशी धडधडलं नव्हतं एवढं तेव्हा छातीत धडधडत होतं.

"अ मंकी केम इनटु अ स्कूल. द मंकी सॅट ऑन द टीचर्स चेअर."

मी थांबलो. "काय गं? बरोबर आहे ना? चूक असेल तर चूक म्हण."

तिने लगेच उत्तर दिलं नाही. आधी तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पाऊस येईल का ते बघायला माणसं आभाळाकडे बघतात तसं. मग आत स्वयंपाकघराकडे बघितलं. आणि तिच्या आईचा, तिच्या आजीचा तो मऊ आवाज काढून म्हणाली,

"चालतं आजोबा. तसंही चालतं."

मी त्या संध्याकाळी बरोबर बोललो होतो की चूक, ते मला अजून माहीत नाही.